दिंडी दरवाजातून शर्करा: जीवाणू खातो कसा आणि औषध अडतं कुठे

लघवीच्या किंवा रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट हातात येतो. वर जंतूचं नाव असतं, समजा क्लेब्सिएला न्यूमोनिए. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर ‘एस’ किंवा ‘आर’. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे जंतू दाद देणार नाही. मेरोपेनेमसारख्या राखून ठेवलेल्या औषधासमोरही ‘आर’ दिसला की घरचे हबकतात आणि बातम्यांत ‘सुपरबग’ हा शब्द येतो.

जंतू औषध फोडून टाकायला शिकला, एवढंच बहुतेक वेळा सांगितलं जातं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की पुष्कळदा औषध पुरेसं आत शिरतच नाही. ज्या दारातून ते शिरायचं ते दार मुळात औषधासाठी नाहीच. जीवाणूने ते स्वतःच्या पोटासाठी, शर्करेसाठी ठेवलेलं आहे. म्हणून आधी जीवाणू खातो कसा ते पाहू. (शर्करा म्हणजे ग्लुकोज, लॅक्टोज, माल्टोज अशी सगळी गोड कुळी, ‘साखर’ हा शब्द आपल्या डब्यातल्या उसाच्या साखरेसाठी राखून ठेवतो.)

दोन भिंतींचा वाडा

१८८४ साली हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने जीवाणू रंगवण्याची एक पद्धत काढली. काही जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, काहींचा तो धुऊन जातो. धरून ठेवतात ते ग्रॅम-पॉझिटिव्ह, धुऊन जातो ते ग्रॅम-निगेटिव्ह. ई. कोलाय, क्लेब्सिएला, साल्मोनेला, स्यूडोमोनास ही सगळी त्यातली मंडळी. त्यांची खूण म्हणजे त्यांना एकाबाहेर एक अशी दोन पटलं असतात. पटल म्हणजे स्निग्ध पदार्थांचा अतिपातळ पडदा. दोहोंच्या मध्ये अरुंद फट असते आणि तिच्यात एक पातळ जाळीदार भिंत.

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. बाहेरचा भक्कम दरवाजा, आत देवडी, आणि देवडी ओलांडल्यावर घराचं खरं दार. बाहेरचं पटल म्हणजे वाड्याची वेस, मधली फट म्हणजे देवडी, आतलं पटल म्हणजे घराचं दार.

बाहेरच्या पटलाचा बाहेरचा थर साधा नाही. तिथे शर्करेच्या लांब साखळ्या जोडलेले स्निग्ध रेणू दाटीवाटीने उभे असतात आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात. पित्तातले क्षार इतर जीवाणूंची पटलं साबणासारखी विरघळवतात, पण इथे त्यांचं फारसं चालत नाही. आतड्यात राहायचं तर हे कवच हवंच. अडचण अशी, की पित्त अडवणारी भिंत अन्नही अडवते. शर्करा पाण्यात सहज विरघळते आणि स्निग्ध पडद्यातून जवळजवळ जातच नाही. म्हणून भिंतीत दारं ठेवावी लागतात.

पोरिन: वाकून जायचा दरवाजा

या दारांना पोरिन म्हणतात. ही प्रथिनं आहेत. १९७६ साली ताइजी नाकाए यांनी हे नाव दिलं. ई. कोलायच्या एकेका पेशीवर त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते.

घडण पिंपासारखी. लाकडी पिंपाला जशा उभ्या फळ्या एकमेकींना चिकटवून गोल पूर्ण करतात, तशा प्रथिनाच्या १६ पट्ट्या किंचित तिरक्या लागून नळी बनते. प्रत्येक पट्टीतली अमिनो आम्लं आळीपाळीने एक बाहेर, एक आत तोंड करून असतात. बाहेरची तेलकट, म्हणून पिंप स्निग्ध पटलात घट्ट बसतं; आतली पाण्याशी जमवून घेणारी, म्हणून नळी पाण्याने भरलेली राहते. अशी तीन पिंपं पाठीला पाठ लावून एकत्र उभी असतात.

नळी सरळ आरपार मोकळी असती तर वेशीला अर्थच उरला नसता. ओम्प-एफ या नेहमीच्या पोरिनमध्ये तिसऱ्या क्रमांकाचा लूप, म्हणजे पट्ट्यांना जोडणारा प्रथिनाचा वळसा, बाहेर न राहता नळीत दुमडून येतो आणि मध्यावर गळा आवळतो. उरते ती सुमारे ०.७ गुणिले १.१ नॅनोमीटरची खिडकी. (मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.) वाड्याच्या मोठ्या दरवाजात असतो तो दिंडी दरवाजा हाच: माणूस वाकून आत येतो, हत्ती बाहेर राहतो.

कोण मावतं? रेणूचं वजन डाल्टनमध्ये मोजतात. हायड्रोजनचा एक अणू साधारण १ डाल्टन. ओम्प-एफची मर्यादा ६०० डाल्टनच्या आसपास आहे. ग्लुकोज १८०, लॅक्टोज, माल्टोज आणि साखर प्रत्येकी ३४२, तीन ग्लुकोजची माल्टोट्रायोज ५०४. चार ग्लुकोजची साखळी ६६६ वर जाते आणि अडखळते. मात्र ६०० च्या आत सगळ्यांना सारखाच प्रवेश असतो असंही नाही. पाच कार्बनच्या अरॅबिनोजच्या (१५० डाल्टन) तुलनेत दुहेरी शर्करा दहापटींहून अधिक मंद जाते. गळा अरुंद असला की आकारात थोडासा फरकही महागात पडतो.

हे मोजतात कसं?

स्निग्ध पदार्थांचे पोकळ सूक्ष्म फुगे करतात आणि त्यांच्या पटलात शुद्ध केलेलं पोरिन बसवतात. फुग्यांच्या आत डेक्स्ट्रानसारखा मोठा, बाहेर न पडणारा रेणू भरलेला असतो. हे फुगे समान ताकदीच्या शर्करा-द्रावणात टाकले की पोरिनमधून शर्करा आत शिरते, तिच्यामागे पाणी शिरतं, फुगे फुगतात आणि गढूळ द्रावण हळूहळू निवळतं. ४०० नॅनोमीटरच्या प्रकाशात हा गढूळपणा किती वेगाने उतरतो, त्यावरून शर्करेचा वेग काढतात.

प्रयोग बिघडतो तो बहुधा दोन ठिकाणी. द्रावणाची ताकद आतल्यापेक्षा किंचित जास्त झाली तर फुगे आकसतात, कमी झाली तर पोरिन नसतानाही फुगतात. आणि पोरिन शुद्ध करताना वापरलेला साबणासारखा पदार्थ, डिटर्जंट, नीट निघाला नाही तर फुगे स्वतःच गळतात आणि सगळ्याच शर्करा भराभर जाताना दिसतात. म्हणून पोरिन न घातलेले फुगे आणि पोरिनमधून जाऊच न शकणारी एखादी मोठी शर्करा, अशी दोन्ही ताडणी शेजारी ठेवावीच लागते.

गुलाबी ठिपका

मॅककॉन्की नावाची थाळी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज वापरात असते. तिच्यात पित्ताचे क्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट असतात, म्हणजे दोन भिंतींच्या जीवाणूंखेरीज बाकीचे बहुतेक वाढूच नयेत. शिवाय लिटरला १० ग्रॅम लॅक्टोज आणि आम्ल झालं की गुलाबी होणारा रंग. ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला वाढले की ठिपके गुलाबी दिसतात.

त्या गुलाबी रंगामागे चार पायऱ्या आहेत. लॅक्टोज पोरिनमधून देवडीत येतं. आतल्या पटलावरचा वाहक त्याला एका प्रोटॉनच्या जोडीने आत ओढतो. आत एन्झाइम त्याचे दोन तुकडे करतं. तुकडे आंबून आम्ल तयार होतं. पहिली पायरी थांबली तर पुढच्या तिन्ही जागच्या जागी. ही पायरी लक्षात ठेवा. क्लेब्सिएलाच्या गोष्टीत ती परत येणार आहे.

एवढी दारं असताना खास दाराची गरज काय?

साध्या पोरिनला शर्करा ओढता येत नाही. बाहेर जास्त, आत कमी, म्हणून रेणू आपोआप आत सरकतात, एवढंच. वेग बाहेर शर्करा किती आहे यावर अवलंबून. थाळीतलं लॅक्टोज म्हणजे सुमारे २९ मिलिमोलर, भरलेलं ताट. (मोलर हे द्रावणात रेणू किती दाट आहेत ते सांगणारं माप, मायक्रोमोलर म्हणजे मिलिमोलरचा हजारावा भाग.) तेच ओढ्याच्या पाण्यात किंवा आतड्याच्या एखाद्या कोपऱ्यात १ मायक्रोमोलरवर आलं, तर त्याच दारातून येणारा ओघ २९,००० पट घटतो. दार तेवढंच, दारांची संख्या तेवढीच, आणि घरात उपास.

अशा वेळेला ई. कोलाय माल्टोपोरिन बाहेर काढतो. त्याचं दुसरं नाव लॅम-बी, आणि नावात थोडा विनोद आहे. लॅम म्हणजे लॅम्डा, जीवाणूंना मारणारा एक विषाणू. १९७३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हे प्रथिन शुद्ध केलं ते लॅम्डा विषाणू जिथे चिकटतो ती जागा म्हणून. ते माल्टोज आत घ्यायला मदत करतं हे दोन वर्षांनी स्पष्ट झालं. आधी चोर सापडला, मग दार, आणि घरच्यांना ते दार कशासाठी हवं होतं हे सगळ्यात शेवटी कळलं.

माल्टोज म्हणजे जोडलेले दोन ग्लुकोज. नाचणीला मोड आणले की दाण्यातलं एन्झाइम पिठूळ भाग तोडतं आणि माल्टोज तयार होतं. सत्त्वाची गोडी त्यातलीच. स्टार्चच्या अर्धवट तुटलेल्या याहून लांब साखळ्यांना माल्टोडेक्स्ट्रिन म्हणतात. माल्टोपोरिनचं खरं काम त्यांच्याशी आहे.

घसरगुंडी, जवळून

माल्टोपोरिनची रचना १९९५ साली प्रसिद्ध झाली. पट्ट्या इथे १८, म्हणजे ओम्प-एफपेक्षा दोन जास्त, तरी गळा अधिक अरुंद: जेमतेम अर्धा नॅनोमीटर. पिंप मोठं आणि भोक लहान, हे उलटंच वाटतं. गंमत नळीच्या भिंतीत आहे.

भिंतीला वरपासून खालपर्यंत सहा चपट्या, कड्याच्या आकाराची अमिनो आम्लं एका रांगेत बसवलेली आहेत: तीन ट्रिप्टोफॅन, दोन टायरोसिन, एक फिनाइलअ‍ॅलानिन. सर्वांत वरचं तर शेजारच्या नळीकडून उसनं घेतलेलं. ही रांग सरळ नाही, डावीकडे पीळ घेत उतरते. स्टार्चची साखळीही डावीकडेच पीळ घेते. (आयोडीन टाकल्यावर भाताची पेज निळी होते ती आयोडीन त्या पिळाच्या आत जाऊन बसतं म्हणून.) स्क्रूचे आटे नटच्या आट्यांशी जुळावेत तशी ही जुळणी आहे. संशोधक या रांगेला ‘तेलकट घसरगुंडी’ म्हणतात.

पण शर्करा तर पाण्याची लाडकी, तिला तेलकट रांग कशी रुचते? ग्लुकोजचं कडं नाण्यासारखं धरा. पाण्याशी हात मिळवणारे ओएच गट नाण्याच्या कडेला असतात. सपाट बाजू पाण्याला फारशी धार्जिणी नसते. ती सपाट बाजू घसरगुंडीवर टेकते. कडेच्या ओएच गटांसाठी नळीत दोन्ही बाजूंना विद्युतभार असलेली अमिनो आम्लं उभी असतात, आणि ती पाण्याची जागा घेतात. कडं एक घर पुढे सरकलं की मागचा हात सुटतो आणि त्याच क्षणी पुढचा मिळतो. सगळे हात एकदम सोडावे लागत नाहीत, म्हणून वाटेत ऊर्जेचा मोठा चढ लागत नाही. जिना उतरताना कठड्यावरचा हात आपण असाच सरकवतो.

चिकटल्यावर खोळंबा होत नाही का?

झाला असता, पकड घट्ट असती तर. माल्टोज माल्टोपोरिनमध्ये निम्म्या जागा भरतं ते सुमारे १० मिलिमोलर असताना. माल्टोट्रायोजला त्याच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्यानेही भागतं. एरवी या पकडी ढिल्याच. रेणू आत राहतो तो मिलिसेकंदांच्या हिशेबात. कृत्रिम पटलात एकच माल्टोपोरिन बसवून त्यातून मिठाच्या पाण्याचा विद्युतप्रवाह मोजला, तर लांब साखळी आत शिरताच प्रवाह एका पायरीने पडतो आणि ती निघाली की पूर्ववत होतो. तिन्ही नळ्या भरल्या तर तीन पायऱ्या.

ढिल्या पकडीचा फायदा टंचाईत होतो: विरळ रेणूही नळीच्या तोंडाशी रेंगाळतात. सुबत्ता असेल तर मात्र नळ्या भरलेल्याच राहतात आणि वेग एका मर्यादेपुढे वाढत नाही. म्हणून माल्टोपोरिन नसलेला ई. कोलाय ०.२ टक्के माल्टोजच्या थाळीवर व्यवस्थित वाढतो, इतर पोरिनांतून काम भागतं. माल्टोडेक्स्ट्रिनच्या थाळीवर तो वाढत नाही. पहिली थाळी पाहून ‘हे प्रथिन बिनकामाचं’ असा निष्कर्ष काढणं सोपं होतं. ग्लुकोज अतिशय विरळ असताना ई. कोलाय माल्टोपोरिन वाढवतो, कारण त्यातून ग्लुकोजही येतं.

आणि उसाची साखर? ती माल्टोपोरिनमध्ये शिरते, चिकटते, पण गळ्याशी अडते. वजन माल्टोजइतकंच, पण तिचा फ्रुक्टोजचा अर्धा भाग आडवा येतो. साल्मोनेलाच्या एका प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर, सापडलेलं स्क्र-वाय नावाचं पोरिन साखर सहज जाऊ देतं, आणि बांधणी माल्टोपोरिनसारखीच. मोठा फरक गळ्याशी असलेल्या मोजक्या अमिनो आम्लांचा. माल्टोपोरिनमध्ये तसे बदल मुद्दाम केले की साखर त्यातूनही जाऊ लागते.

ऊर्जा लागत नाही तर शर्करा परत का निघून जात नाही?

जाऊ शकते, दार दोन्ही बाजूंनी उघडंच आहे. तिला धरून ठेवतो तो देवडीवरचा पहारेकरी: माल्टोज पकडणारं एक सुटं प्रथिन. त्याची पकड मायक्रोमोलरच्या पातळीची, म्हणजे घसरगुंडीपेक्षा हजारो पटींनी घट्ट. देवडीत आलेला रेणू तो दोन पाळ्यांमध्ये मिटून घेतो आणि आतल्या दाराशी नेऊन देतो. तिथला पंप एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्च करून त्याला घरात ओढतो. देवडी सतत रिकामी राहते, म्हणून बाहेरून ओघ चालू राहतो. ऊर्जेचा खर्च आतल्या दाराशी होतो, बाहेरच्या नाही.

आतड्यातले झाकणवाले

काही जीवाणूंना बाहेरच्या दारातही ओढून घ्यावं लागतं. आपल्या मोठ्या आतड्यातला बॅक्टेरॉइडीस अशा शर्करांवर जगतो ज्या आपल्याला पचत नाहीत. शिजवून थंड झालेल्या भातातला न पचणारा स्टार्च त्यातलाच. त्याच्याकडे पट्ट्यांची भलीमोठी नळी असते आणि तिच्यावर बिजागरीने बसलेलं झाकण. २०१७ साली ही यंत्रणा उलगडली तेव्हा तिला पायाने दाबून उघडायच्या कचऱ्याच्या डब्याची उपमा मिळाली. झाकण उघडं असताना साखळीचा तुकडा सापडतो, झाकण मिटतं, आणि आतल्या पटलावरची ऊर्जा टॉन-बी नावाच्या दांड्यामार्फत नळीतला बूच हलवते. ६०० डाल्टनहून कितीतरी मोठे तुकडे असे अख्खे आत जातात. आधी बाहेर पूर्ण चुरा केला असता तर शेजारच्या जीवाणूंनी तो पळवला असता.

आता औषधाकडे

अँपिसिलिन ३४९ डाल्टन, मेरोपेनेम ३८३, सिप्रोफ्लॉक्सासिन ३३१. लॅक्टोज ३४२. आकडे एवढे जवळ आहेत याचं कारण उघड आहे: ग्रॅम-निगेटिव्हवर चालणारी पुष्कळ औषधं दिंडी दरवाजातून मावतात म्हणूनच चालतात. व्हँकोमायसिन सुमारे १,४४९ डाल्टनचं. ते ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंवर प्रभावी, पण ई. कोलायच्या वेशीबाहेरच अडतं. वरच्या रिपोर्टमध्ये त्याचं नाव नसतं ते यामुळे.

मग जंतू दारंच का बंद करत नाहीत?

करतात, पण उपाशी मरण्याची भीती असते. क्लेब्सिएलाची दोन मुख्य पोरिनं म्हणजे ओम्पके-३५ आणि ओम्पके-३६. रुग्णालयांत पसरणाऱ्या एसटी-२५८ या वाणात ओम्पके-३६ च्या तिसऱ्या लूपमध्ये, म्हणजे गळा आवळणाऱ्या त्याच वळशात, दोन जादा अमिनो आम्लं घुसलेली सापडली: एक ग्लायसिन, एक अ‍ॅस्पार्टिक आम्ल. २०१९ साली या प्रथिनाची रचना पाहिली तेव्हा गळा आणखी आवळलेला दिसला. औषध फोडणारं केपीसी-२ हे एन्झाइम असलेल्या जंतूमध्ये या एवढ्या बदलाने मेरोपेनेमची लागणारी किमान मात्रा १६ पट वाढली. दार अरुंद झालं की औषध थेंबाथेंबाने येतं आणि आलेला प्रत्येक थेंब फोडायला एन्झाइमला फुरसत मिळते. दोन्ही मिळून औषधाला हरवतात.

किंमतही मोजावी लागली. लॅक्टोजवर त्या जंतूची वाढ मंदावली, आणि न्यूमोनिया झालेल्या उंदरांत तो साध्या वाणासमोर मागे पडला. औषधाचा मारा चालू असतो तिथे हा सौदा परवडतो. जिथे औषध नाही तिथे आवळलेला गळा तोट्याचा. अँटिबायोटिक उगाच घेऊ नका असं डॉक्टर सांगतात, त्यामागचं एक कारण हेही आहे.

औषधच शर्करेच्या वेषात का पाठवू नये?

कल्पना चांगली आहे, पण माल्टोपोरिनचा गळा अर्ध्या नॅनोमीटरचा. शर्करेला औषध जोडलं की गाठोडं मावत नाही. लोहाच्या दारात मात्र हे जमलं. जीवाणू लोह मिळवायला चिमट्यासारखे रेणू बाहेर सोडतात आणि लोहासकट ते टॉन-बीच्या जोरावर मोठ्या नळ्यांतून आत ओढतात. सेफिडेरोकॉल या औषधाला असाच लोह पकडणारा चिमटा जोडलेला आहे. जीवाणू लोह समजून त्याला स्वतःच आत घेतो. अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. पुढे रुग्णांकडून आलेल्या क्लेब्सिएलाच्या काही नमुन्यांत त्या औषधालाही दाद न देणारे जंतू सापडले, आणि त्यांच्यातलं सिर-ए नावाचं लोहाचं दार निकामी झालेलं होतं.